रायफल अडली तर: आधी बघा, मग हात लावा
वाचकांचे प्रश्न

सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस स्वतःच भरणारी, रायफल मध्येच थांबते तेव्हा काय करायचं, या विषयावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या मराठी वाचकांची आणि एआर-१५ (पुढे नुसतं ‘एआर’) या रायफलीबद्दलची आहेत. एक साताऱ्याहून आलं आहे, एक .२२ या बारीक काडतुसाच्या रायफलीबद्दलचं. नळीचं तोंड सतत सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण, हे नियम प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहिलेले नाहीत. खालची प्रत्येक कृती ते पाळूनच करायची आहे.

प्रश्न: रायफल थांबली की मॅगझीनला खालून चापट मारायची, चार्जिंग हँडल (रायफल भरायची मूठ) मागे ओढून सोडायचं आणि पुन्हा नेम धरायचा, एवढं आम्हाला रेंजवर शिकवलं. प्रत्येक अडचणीवर हाच उपाय चालतो का? (ह्यूस्टन)

नाही. दोन प्रकारांत तो चालतो, एका प्रकारात त्याने गुंता वाढतो आणि एका प्रकारात तो जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी एक नजर टाकायची. नळी लक्ष्याकडेच ठेवून रायफल थोडी कलती करा आणि इजेक्शन पोर्ट, म्हणजे पुंगळी बाहेर पडायची खिडकी, डोळ्यांसमोर आणा.

बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, पूर्ण मागे अडकलेला असेल तर बहुधा मॅगझीन रिकामं झालेलं असतं. ही अडचण नव्हेच, पण नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथेच होतो.

बोल्ट पूर्ण पुढे आहे, चाप ओढला आणि नुसतं ‘क्लिक’ झालं, तर एक तर चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं आहे किंवा काडतूस पेटलेलं नाही. काडतूस कधी कधी उशिराही पेटतं, म्हणून रेंजवर नळी लक्ष्याकडे धरून निदान ३० सेकंद थांबा. मग चापट मारा आणि हँडल ओढा. बाहेर पडलेलं काडतूस मात्र उचलून पाहा, कारण निदान त्याच्या बुडाशी लिहिलेलं असतं. प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या मधल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, खोल खड्डा असेल तर काडतूस खराब. खड्डा उथळ असेल तर बोल्ट पूर्ण बंद झालेला नव्हता, प्रायमरला टोचणाऱ्या फायरिंग पिनच्या वाटेत घाण आहे किंवा पिनला ठोकणाऱ्या हॅमरची स्प्रिंग कमजोर किंवा चुकीची बसली आहे. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला तर घाबरू नका. एआरची फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच शिवते. ठिपक्यापलीकडे काहीच नसेल तर हॅमरचा घाव बसलेलाच नाही. आणि काडतूसच बाहेर आलं नाही तर मॅगझीन नीट बसलं नव्हतं.

खिडकीत रिकामी पुंगळी उभी अडकली असेल तर तिला स्टोव्हपाइप म्हणतात. इथेही चापट आणि हँडल पुरतं. हँडल ओढताना खिडकी जमिनीकडे वळवली की पुंगळी स्वतःच्या वजनाने सुटते.

खिडकीत दोन काडतुसं एकमेकांवर चढलेली दिसली तर हँडल पुन्हा ओढून काही होत नाही, ती आणखी घट्ट रुततात. त्याचं उत्तर पुढे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. गोळी सुटल्याचा आवाज फुसका आला, खांद्याला धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. काडतुसात दारू नसली किंवा फारच कमी असली तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती मध्येच रुतून बसते. एआरचा बोल्ट दारू जळून होणाऱ्या गॅसच्या जोराने मागे जातो. अशा वेळी तेवढा गॅस नसतो, म्हणून रायफल ‘अडल्यासारखी’ वाटते आणि पाठ केलेला हात आपोआप हँडलकडे जातो. पुढची गोळी त्या रुतलेल्या गोळीवर आदळली की नळी फाटते. मॅगझीन काढा, बोल्ट मागे अडकवा, चेंबर रिकामं असल्याचं पाहा, बोल्ट कॅरियर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) बाहेर काढा आणि चेंबरच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का ते बघा. उजेड आरपार नसेल तर रायफल गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या. दुसरी गोळी झाडून पहिली काढण्याचा विचारही नको.

प्रश्न: कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे माझी मॅगझीनं १० काडतुसांची आहेत. पूर्ण भरलेलं मॅगझीन लावलं की पहिल्या गोळीनंतर ‘क्लिक’ येतं. (सॅन होजे)

मॅगझीन बसलेलं नाही. बोल्ट बंद असताना पूर्ण भरलेलं मॅगझीन लावलं की वरचं काडतूस बोल्टच्या पोटाला टेकतं आणि स्प्रिंग आणखी दबायला जागा उरत नाही. मॅगझीन अडकवणारा कॅच लागल्यासारखा वाटतो, पण पहिल्या धक्क्याला मॅगझीन पाव इंच खाली सरकतं. नऊच भरा. ३० च्या मॅगझीनमध्ये जुनेजाणते २८ भरतात, तेही याच कारणाने. मॅगझीन आत ढकललं की लगेच खाली ओढून पाहायची सवय लावून घ्या. बसलं असेल तर हलत नाही.

प्रश्न: १६ इंची नळीची नवी एआर आहे. दर पाच-सात गोळ्यांनंतर पुढचं काडतूस उचललं जात नाही, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. मॅगझीन संपल्यावर बोल्ट मागेही राहत नाही. दुकानदार सांगतो, ५०० गोळ्या झाडा, आपोआप सुधारेल. (डॅलस)

ही शॉर्ट-स्ट्रोकिंगची लक्षणं आहेत. बोल्ट पुंगळी फेकण्याइतका मागे जातो, पण पुढच्या काडतुसाच्या मागे पोचण्याआधीच परत फिरतो. नवी स्प्रिंग थोडी मोकळी झाल्यावर कधी फरक पडतो, पण ५०० गोळ्यांचे पैसे घालण्याआधी अर्ध्या तासात निदान होण्यासारखं आहे.

रिकामं मॅगझीन लावा आणि हँडल हाताने पूर्ण मागे ओढा. बोल्ट अडकला तर बोल्ट कॅच (बोल्ट मागे अडकवणारी खिटी) आणि मॅगझीनचा फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) ठीक आहेत. मग मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरून झाडा. बोल्ट मागे राहिला का? वेगवेगळी मॅगझीनं लावून हे पाच वेळा करा. एकाच मॅगझीनला अडत असेल तर दोष त्या मॅगझीनचा. सगळ्यांना अडत असेल तर दोष गॅसचा.

पुंगळी कुठे पडते तेही बघा. नळीची दिशा १२ वाजता धरली तर ३ ते ४ च्या दिशेला पडणारी पुंगळी निरोगी. ५ च्या बाजूला आळसावून पडत असेल तर गॅस कमी. आणि १-२ च्या दिशेला जोरात पुढे उडत असेल तर उलट रोग आहे: गॅस जास्त झाल्याने बोल्ट इतक्या वेगाने येतो-जातो की मॅगझीनची स्प्रिंग काडतूस वर आणेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. लक्षण तेच, उपाय नेमका विरुद्ध. म्हणून पुंगळ्यांची दिशा पाहिल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नका.

गॅस कमी असेल तर स्वस्त कारणापासून सुरुवात करा. काडतूस बदला: हलक्या भराच्या स्टील पुंगळीऐवजी पितळी पुंगळीचं, पूर्ण भराचं घ्या. बोल्ट कॅरियरला तेल द्या. तेल कॅरियर जिथे घासून चमकतो त्या पट्ट्यांवर, बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनवर आणि बोल्टच्या गॅस रिंग्जवर, म्हणजे गॅस अडवणाऱ्या कड्यांवर. नव्या रायफली कारखान्यातून बऱ्याचदा कोरड्याच येतात.

मग कॅरियरवरची गॅस की, म्हणजे गॅस कॅरियरमध्ये आणणारी छोटी नळी, तपासा. ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि स्क्रू सुटू नयेत म्हणून कडेचं लोखंड ठोकून त्यांच्या डोक्यांत दाबलेलं असतं. त्याला स्टेकिंग म्हणतात. ती ठोकलेली खूण नसेल किंवा की बोटांनी जराही हलत असेल तर गॅस तिथूनच पळतो. माझ्या मते नव्या, स्वस्त रायफलीत पहिला संशय इथेच घ्यावा.

त्यानंतर गॅस रिंग्ज. बोल्टवर तीन असतात. बोल्ट पुढे ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा. कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंग्ज झिजल्या आहेत, तिन्ही बदला. नव्या रायफलीत हे क्वचितच घडतं. रिंग्जच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून गॅस गळतो अशी समजूत आहे, पण रायफल त्या कारणाने थांबत नाही.

पुढचा टप्पा बफर, म्हणजे दस्त्यातलं, बोल्ट कॅरियरला अडवणारं वजन. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंसांचा, जड एच २ सुमारे ४.६ औंसांचा. कोणी हौसेने जड बफर घातला असेल तर साधा घालून पाहा. हे सगळं करूनही फरक नाही, तर नळीतला गॅस घेणारा गॅस ब्लॉक नळीच्या भोकावर तिरका बसला असेल. ब्लॉकभोवती थोडी काजळी चालते; एका बाजूला लांब काळे ओघळ असतील तर रायफल बनवणाऱ्याकडे वॉरंटीत परत पाठवा. ते काम घरी करू नये.

प्रश्न: फॉरवर्ड असिस्टचं (बोल्ट पुढे दाबणारं) बटण नेमकं कधी दाबायचं? (सिएटल)

आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हाताने हळूच पुढे सोडलात आणि तो शेवटचे दोन मिलिमीटर राहिला, तर अंगठ्याने दाबा. एरवी बोल्ट बंद होत नसेल तर काहीतरी वाटेत आहे. ते ठोकून आत घालू नका. विशेषतः घरात .३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या काडतुसाची रायफलही असेल तर. तेच मॅगझीन, तोच बोल्ट, आणि ते काडतूस एआरच्या नेहमीच्या ५.५६ च्या चेंबरमध्ये कधी कधी जोर लावून बसतंही. चाप ओढला की जाड गोळी बारीक नळीत अडकून रायफल फुटते. दोन्ही कॅलिबर असतील तर मॅगझीनं वेगळ्या रंगाची ठेवा आणि एका वेळी एकच रायफल रेंजवर न्या.

प्रश्न: दोन काडतुसं एकदम अडकली तर सोडवायची कशी? एकदा तर हँडलसुद्धा हलेना. (अटलांटा)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

पहिली डबल फीड. मॅगझीनची स्प्रिंग खालून आणि बोल्ट मागून काडतुसं दाबत असतात, म्हणून आधी बोल्टचा दाब काढा. हँडल पूर्ण मागे ओढा, बोल्ट कॅचचं खालचं टोक दाबून बोल्ट मागे अडकवा. आता मॅगझीन काढा. बटण दाबल्यावर ते आपण होऊन पडणार नाही, हिसकावूनच काढावं लागतं. सैल काडतुसं खाली पडू द्या. नाही पडली तर मॅगझीनच्या पोकळीतून बोटांनी सोडवा. मग हँडल तीनदा जोरात मागे-पुढे करा, बोल्ट अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. त्यानंतरच दुसरं मॅगझीन.

काय बाहेर आलं ते नीट पाहा. दोन्ही काडतुसं जिवंत असतील तर मॅगझीनच्या वरच्या कडा फाकल्या आहेत. त्या दोन काडतुसं एकदम सोडतात. चेंबरमध्ये रिकामी पुंगळी आणि तिच्या मागे जिवंत काडतूस असेल तर मॅगझीन निर्दोष आहे, पुंगळी ओढलीच गेली नव्हती. तेव्हा एक्सट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) आणि चेंबरकडे वळा. प्रत्येक मॅगझीनवर रंगाने क्रमांक घालून ठेवा, म्हणजे ‘हे नेहमी तीन नंबरलाच होतं’ हे चार खेपांत कळतं. फाकलेल्या कडा पक्कडीने वाकवत बसण्यापेक्षा ते मॅगझीन टाकून द्या.

दुसरी बोल्ट ओव्हरराइड. यात पुंगळी किंवा काडतूस बोल्टच्या वर चढतं आणि गॅस मागे आणणाऱ्या गॅस ट्यूबच्या टोकाजवळ, चार्जिंग हँडलखाली रुतून बसतं. म्हणून हँडल हलत नाही, आणि जितकं ओढाल तितकं ते आवळत जातं. मॅगझीन काढा. हॅमर कॉक झालेला नसेल तर एआरची सेफ्टी लागत नाही, तेव्हा बोट चापापासून दूर आहे याचीच खात्री ठेवा. साफसफाईच्या सळईने किंवा मल्टिटूलने, खिडकीतून किंवा मॅगझीनच्या पोकळीतून, बोल्टचं तोंड मागे ढकलून तसंच धरून ठेवा. जमलं तर बोल्ट कॅच लावा. बोट घालू नका, सुटलेला बोल्ट बोट सोडत नाही. बोल्ट मागे धरलेला असतानाच दुसऱ्या हाताने चार्जिंग हँडल झटक्यात पुढे ढकला. हँडलच्या खोबणीने रुतलेली वस्तू पुढे ढकलली जाते आणि खाली पडते. वर जिवंत काडतूस असेल तर टोकदार हत्याराने उचकटू नका, प्रायमर तिथेच असतो. सुटल्यावर गॅस ट्यूबचं टोक वाकलं नाही ना, ते बघा. वाकलं असेल तर पुढची प्रत्येक गोळी ट्यूब आणि गॅस की दोन्ही खराब करते.

प्रश्न: उन्हाळ्यात पुंगळ्या चेंबरमध्ये चिकटतात. काहींची कड फाटलेली असते. (फीनिक्स)

कड फाटली आहे म्हणजे एक्सट्रॅक्टरची पकड चांगली आहे आणि चेंबर पुंगळी सोडत नाही. कडेवर नुसता घसरल्याचा ओरखडा असेल तर एक्सट्रॅक्टरची स्प्रिंग थकली आहे. स्प्रिंग, तिच्या आतला छोटा रबरी तुकडा आणि बाहेरून रबरी रिंग, हा काही डॉलरांचा संच घातला की बहुतेक काम होतं.

तुमच्या बाबतीत कडा फाटताहेत, तेव्हा तीन गोष्टी पाहा. चेंबर: एआरच्या चेंबरचा वेगळा ब्रश मिळतो, त्याच्या मागच्या भागातल्या जाड तारा लग्जजवळची, म्हणजे बोल्टचे दात अडकतात तिथली, काजळी काढतात. साध्या नळीच्या ब्रशने ती निघत नाही. नळीवरची खूण: नुसतं .२२३ रेमिंग्टन कोरलेलं असेल आणि तुम्ही ५.५६ नाटो काडतूस वापरत असाल तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. ५.५६ किंवा .२२३ वाइल्ड असेल तर दोन्ही काडतुसं चालतात. आणि ऊन: ॲरिझोनात बंद गाडीत ठेवलेली काडतुसं फार तापतात आणि तापलेली दारू जास्त दाब देते. सावलीत ठेवा. प्रायमर सपाट झालेले किंवा निसटलेले दिसले तर त्या दिवशी नेमबाजी बंद. निसटलेला प्रायमर चापाच्या यंत्रणेत पडला तर चाप अर्ध्यावर अडतो.

चिकटलेली रिकामी पुंगळी काढायला मॅगझीन काढा, सरकता दस्ता पूर्ण आत घ्या (नाहीतर तो मोडतो), चार्जिंग हँडल मागे ओढून धरा आणि दस्त्याचं बूड जमिनीवर सरळ आपटा. नळी वर असते, तेव्हा डोकं बाजूला. आत जिवंत काडतूस चिकटलं असण्याची शंका जरी असली तरी हे करू नका आणि नळीच्या तोंडातून सळई ठोकू नका. गनस्मिथकडे न्या.

प्रश्न: उणे २० सेल्सिअसला रायफल आळसावते, कधी कधी क्लिक येतं. (मिनिआपोलिस)

जाड तेल किंवा ग्रीस गोठतंय. सगळं पुसून काढा आणि पातळ सिंथेटिक तेलाचा जेमतेम हात फिरवा. फायरिंग पिन आणि तिची वाट पूर्ण कोरडी ठेवा. उथळ खड्ड्याचं कारण थंडीत बहुधा हेच असतं. गार रायफल उबदार घरात आणली की आतून-बाहेरून दव धरतं आणि ते पुन्हा बाहेर नेल्यावर गोठतं. रिकामी करून पिशवीतच राहू द्या, घराच्या तापमानाला आली की उघडून पुसा. बर्फात पडली असेल तर झाडण्याआधी रिकामी करून नळी आरपार पाहा. जाड हातमोजे घालत असाल तर बिजागरीचा ट्रिगर गार्ड खाली उघडतो, पण मग चापाला काही लागणार नाही याची दुप्पट काळजी घ्या.

प्रश्न: मी निवृत्त फौजी. एसएलआर, म्हणजे फौजेतली जुनी सेल्फ-लोडिंग रायफल, अडली की गॅस कमी-जास्त करायला शिकवलं होतं, पण ‘बंद केली की जोर वाढतो’ हे का, ते कोणी सांगितलं नाही. मुलगा पोलीस दलात आहे, त्याला समजावून सांगायचं आहे. (सातारा)

दादा, इशापूरला बनलेल्या आपल्या ७.६२ मिमी १ए१ एसएलआरमध्ये नळीतला गॅस पिस्टनपर्यंत येतो आणि वाटेत एका भोकातून त्यातला काही भाग बाहेर सोडला जातो. रेग्युलेटर हे ते बाहेरचं भोक झाकतो. भोक उघडं असलं की गॅस हवेत जातो आणि पिस्टनला कमी मिळतो; भोक बंद केलं की सगळा जोर पिस्टनवर. म्हणून ‘बंद’ म्हणजे जास्त.

बसवायची पद्धत अशी. भोक बरंच उघडं ठेवून एकेक गोळी झाडायची. पुंगळी पडत नाही किंवा पुढचं काडतूस चेंबरमध्ये जात नाही, तोवर एकेक क्लिक बंद करत यायचं. नीट चालायला लागली की धूळ आणि काजळीसाठी आणखी दोन क्लिक बंद. ही जागा त्या एका रायफलीपुरती असते, शेजारच्या रायफलीचा आकडा हिला लावायचा नसतो. पूर्ण बंद करून ठेवली तर चालते, पण ब्रीच ब्लॉक कॅरियर प्रत्येक गोळीला मागे आदळतो आणि रायफल लवकर खिळखिळी होते.

मुलाला दोन गोष्टी आवर्जून सांगा. पिस्टन आणि गॅस सिलिंडर कोरडे ठेवायचे. तिथलं तेल जळून काजळीचा थर होतो आणि मग गॅस वाढवत राहण्याची पाळी येते. आणि साफसफाईनंतर रायफल अचानक एकेकच गोळी झाडून हाताने कॉक करावी लागत असेल तर आधी गॅस प्लग पाहायचा. ग्रेनेड फेकण्यासाठी प्लग फिरवला की पिस्टनकडचा गॅस पूर्ण बंद होतो. जोडताना तो तसाच उलटा बसला तर बाकी सगळं ठीक असूनही रायफल स्वतःहून भरत नाही.

प्रश्न: मुलीला शिकवण्यासाठी रुगर १०/२२ ही .२२ ची रायफल घेतली. ४०० गोळ्यांनंतर सारखी अडते. (कोलंबस, ओहायो)

१९६४ पासून चालत आलेली ही रायफल दणकट आहे. अडतं ते बहुधा .२२ चं काडतूस. यात गॅस ट्यूब नाही, पुंगळीच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो. म्हणून सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) काडतुसं अनेकदा अपुरी पडतात. सुमारे १२०० फूट प्रति सेकंद वेगाची, ४० ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं घालून पाहा.

.२२ च्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक थर होतो, काडतूस पूर्ण आत बसत नाही, आणि पुंगळी स्टोव्हपाइपसारखी अडकते. चेंबर ब्रशने घासा. एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली दात कोरायच्या काडीने घाण काढा. तिथे मोहरीएवढा कचरासुद्धा पकड घालवतो.

क्लिक आलं तर ३० सेकंद थांबून काडतूस काढा. .२२ मध्ये स्फोटक मिश्रण कडेत असतं आणि ते कडेभर सारखं पसरलेलं नसेल तर त्या जागी घाव बसूनही पेटत नाही. काडतूस अर्धं वळवून एकदा पुन्हा लावून पाहता येतं. तरी नाही पेटलं तर रेंजवरच्या निकामी काडतुसांच्या डब्यात.

१० काडतुसांचं फिरतं मॅगझीन बाहेरून पुसा, पण कारण नसताना खोलू नका. आतल्या रोटरच्या स्प्रिंगचा ताण सुटतो आणि तो योग्य न भरता जोडलं तर शेवटची दोन-तीन काडतुसं वर येत नाहीत. अडचण सोडवायचा सराव मुलीकडून प्लॅस्टिकच्या डमी काडतुसांवर करून घ्या. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत कुलपात हवीत. रेंजवर तुम्ही मॅगझीन भरताना मध्येच एखादी डमी घाला. क्लिक आल्यावर मुलगी ३० सेकंद थांबते का आणि हँडलला हात लावण्याआधी खिडकीत बघते का, एवढंच पाहा. रेंजवरून आल्यावर दोघांनीही जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, .२२ चं शिसं बोटांना लागतंच.